दिसते ती धार नव्हे

नाही नाही, अंगठा नको! – अहो, अंगठा लावून बघायचं नसतं, उगाईसान. रागावू नका, एकदम ओरडले मी, पण आमच्या ह्यांच्यासमोर कुणी असं केलं असतं ना, तर तलवार सोडा, त्याला चहासुद्धा मिळाला नसता. एक तर बोट जातं. आणि बोट वाचलं तरी बोटाचा घाम पात्याला लागतो, की धरलाच तिथे गंज. हा घ्या कपडा. मूठ उजव्या हातात, पातं कपड्यावर टेकवा, धार वर – हां, अस्सं. आणि आता बोलायचं नाही. उघड्या पात्यावर तोंड करून बोललं की थुंकी उडते, त्यानंही गंज येतो. मी बोलतेय, पण तोंड इकडे वळवून बोलतेय, बघा. लग्न होऊन सेकीला, ह्या तलवारींच्या गावात आले तेव्हापासून ह्या घरात तोंड वळवून बोलायची सवय झालीय मला.

कागद? कागद कशाला? – हां, तो व्हिडिओ. हल्ली सगळे तेच बघून येतात. कागद धरायचा, सर्रकन कापायचा, की झाली तलवार पसंत. कागद तर माझी भाजीची सुरीपण कापते. ह्यांचे शिष्य तलवार घ्यायच्या आधी दुकानातून ती इथे घेऊन यायचे दाखवायला, ह्याच खोलीत, तुम्ही बसलाय तिथेच – आणि हे आतून ओरडायचे, कागद आणला असशील तर त्यावर आईला पत्र लिही! मग खिडकीशी न्यायचे त्याला. बघा, आता तुम्ही आलाच आहात तर शिकून जा, फुकट आहे. सगळ्यांना वाटतं, धार म्हणजे चकाकणारं काहीतरी. उलट आहे. पातं उजेडाकडे धरायचं आणि डोळा बरोबर धारेच्या समोर आणायचा. जिथे खरी धार आहे तिथे काहीच दिसत नाही. काही म्हणजे काही नाही. उजेडाला टेकायला जागाच नसते ना तिथे, इतकं बारीक असतं ते. आणि जिथे बोथट आहे तिथे उजेड टेकतो, केसासारखी पांढरी रेघ दिसते. दिसते ती धार नव्हे – असं हे म्हणायचे. पोरं झिलईला भुलायची, आरशासारखं पातं बघून खूश व्हायची. हे म्हणायचे, आरसा हवा असेल तर बायकोचा घे, स्वस्त पडेल.

करा, तुम्ही करा. मुठीजवळून सुरुवात करा. – दिसतंय काही? नाही ना? बघा. धार आहे म्हणूनच दिसत नाहीये. बास झालं तेवढं. वर काय वेगळं असणार, पातं एकच आहे. खाली ठेवा आता आणि चहा घ्या, निवून चाललाय. ही चेस्टनटची वडीपण घ्या, ह्याच दिवसांत मिळते, नागोयाला असली मिळायची नाही.

आणि नुसतं तीक्ष्ण-तीक्ष्ण काय करता तुम्ही? फोनवरही तेच, आल्यावरही तेच. काय कापणार आहात ते आधी सांगा. – चटया. भिजवून गुंडाळलेल्या चटया, हो ना? सगळे तेच कापतात, दुसरं कापायला आता आहे काय. त्याला दोन तऱ्हेची पाती असतात. एक पातळ, धारेकडे अगदी चपटं करत नेलेलं – ते चटईतून असं जातं की गुंडाळीला कळतसुद्धा नाही, वरचा तुकडा क्षणभर तसाच उभा राहतो. पण हात जरा तिरका पडला, आतल्या खुंटीला लागलं, की दात पडला धारेला. दुसरं हे असं – आडवं धरून बघा, शिंपल्यासारखं फुगीर आहे ना जरा? हे सोसतं. नवशिक्याच्या हातून चार चुका झाल्या तरी सोसतं. पण ह्यानं कापायचं तर हात पाहिजे. पातळ पातं स्वतः कापतं, आणि ह्याला माणूस लागतो. इथलेच मात्सुउरा म्हणून लोहार होते, ह्यांचे जुने दोस्त, त्यांनी ह्यांच्या हातासाठी म्हणून बनवलं हे. ह्यांनी पहिल्यांदा गुंडाळी कापली ह्याच्यानं तेव्हा मात्सुउरासान तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले, बोलूनचालून लोहार माणूस, म्हशीएवढा. हे म्हणायचे, रडतोस काय, अजून दुसरी कापायचीय! असे होते. म्हणजे हसवायचे फार. सबंध तालमीत ह्यांच्याएवढं स्वच्छ कापणारं कुणी –

काय? उदबत्ती लावायचीय? – कुणाला? आमच्या... अहो! अहो, आहेत ते! जिवंत आहेत! देवा रे. नाही, तुमची काही चूक नाही, बसा, बसा खाली, मीच बोलतेय तसं मघापासून. ‘होते’ आणि ‘म्हणायचे’. माझं मलाच कळलं नाही बघा. आहेत हो. वृद्धांना दिवसभर सांभाळतात ना, त्या केंद्रात जातात, सकाळी गाडी येते, संध्याकाळी आणून सोडते. विसरण्याचा आजार आहे. तसे खातात-पितात, चालतात, माणसंही ओळखतात बरीचशी. मला ओळखतात. – त्यांना माहीत आहे ना, विचारताय? तलवार विकतोय ते? मुलीला माहीत आहे. साचिए, तुमच्याशी फोनवर बोलली ती. किमतीचं, कागदपत्रांचं सगळं ती बघतेय. त्यांना – सांगू. सांगायचंय. पण गाडी यायच्या आत आपलं उरकलं तर बरं, एवढंच.

घ्या ना दुसरी वडी. – परत कशाला बघताय? बघितलंत की. बरं, बघा बाबा, तुमचा हक्क आहे, घेणारे तुम्ही. वरच्या भागात उजेड नीट पडत नाही इथे, शेजाऱ्यांचं पर्सिमनचं झाड आडवं येतं. – काय दिसतंय? रेघ? छे, खिडकीची सावली असेल. पडदा सारते. – आता? – जरा तिरकं धरा. – हं. दिवा लावू? – नको, दिवा नको लावायला. आहे. आहे रेघ. टोकापासून खाली वीतभर. कापायचं असतं त्याच भागात. तुमचे डोळे चांगले आहेत. मला वाटलं, मुठीजवळचं बघून तुमचं समाधान होईल. म्हणजे – मला तसं व्हायला हवं होतं.

नाही! त्यांनी नाही बोथट केली. ते मनातसुद्धा आणू नका, उगाईसान, तेवढं मी ऐकून घेणार नाही. त्यांनी आयुष्यात ह्या पात्याशी हेळसांड केली नाही. रोज पुसायचे, तेल लावायचे, रोज खिडकीशी धरून बघायचे. मी केलं ते. ह्या हातांनी. विळ्याचा दगड असतो ना, मागच्या अंगणात गवत कापायला विळा आहे आमच्याकडे, त्याच्या खरखरीत दगडावर मी हे पातं धारेवर उभं धरलं आणि ओढलं. न्हाणीघरात बसून. खाली टॉवेल घातला होता, आवाज जाऊ नये म्हणून. घरात कुणी नव्हतं, आवाज कुणाला जायचा होता? पण घातला टॉवेल.

तुमचा चेहरा बघूनच कळलं मला. मात्सुउरासान असते तर त्यांनी मला आधी घराबाहेर काढलं असतं आणि मग ते रडत बसले असते. पण तुम्ही ऐका तरी. वसंतात झालं हे. सकाळी अंगणात सराव करायचे ते, आजारातसुद्धा. नावं विसरले, रस्ते विसरले, जेवलो की नाही ते विसरले, पण कमरेला तलवार लावली की सगळं जिथल्या तिथे. मी भांडी घासता घासता खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, डॉक्टरांना काय कळतंय. तर त्या दिवशी त्यांनी उपसली, वार केला, सुरेख – आणि मग म्यान करेनात. नुसते उभे. डाव्या हातात म्यानाचं तोंड धरलेलं, उजव्यात उघडं पातं. मला वाटलं, सरावातलंच काही असेल. मग त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, साए, आता काय असतं पुढे? – असं विचारलं, जेवणात काय आहे विचारावं तसं. आणि डाव्या हातातून रक्त गळत होतं. म्यान करायला गेले असणार, पातं बोटांवरूनच फिरलं, आणि ते त्यांच्या गावीच नव्हतं. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, नशीब, बोटं राहिली. साचिए म्हणाली, आई, ती तलवार आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ.

काढली मी. शेजारी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी हे उठले, तिची जागा रिकामी. सगळं घर उलथं केलं. मग अनवाणी, झोपायच्या कपड्यांवर पोलिस चौकीत गेले, चोरी झाली म्हणून सांगायला. पोलिसानं हात धरून घरी आणलं तर दारात उभे राहून मला म्हणाले – बायकोला म्हणाले हो – बाईसाहेब, माझी तलवार चोरीला गेलीय, आता मी कोण म्हणून राहू इथे? – सांगा तुम्ही. काय करायला पाहिजे होतं मी? परत आणली. आणि परत आणली ती तशी. केंद्राच्या गाडीत बसून ते गेले, जाताना काचेतून हात केला मला, आणि मी विळ्याचा दगड घेऊन न्हाणीघरात गेले.

वार करतात तो भाग आणि बोटं सापडतात तो भाग, तेवढाच. खालचा नाही केला, धीर झाला नाही. – तेच मी विचारलं स्वतःला, त्यांना कळणार नाही का? रोज खिडकीशी धरणारा माणूस! पण ते बघणं त्यांनी हिवाळ्यातच सोडलं होतं. विसरले होते बघायचं. आणि ते विसरलेत हे मला माहीत होतं. म्हणजे त्यांच्या विसरण्याचाच फायदा घेतला मी. हे मी साचिएलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही आपले तलवार घ्यायला आलात नागोयाहून.

पण चांगलं चाललं होतं त्यानंतर. खरंच. सकाळी अंगणात ते, खिडकीत मी, आणि माझ्या जिवाला घोर नाही. हवेत फिरवायला धार कशाला लागते? हवा काय, कशानंही कापली जाते. म्हटलं, मी शहाणपणा केला, सगळ्यांचं राहिलं – त्यांची तलवार राहिली, त्यांची बोटं राहिली. स्वतःवर खूश होते हो मी! – आणि उन्हाळ्यात तालमीची मुलं आली. मुलं म्हणजे आता पन्नाशीचे बाप्ये. म्हणाले, वर्धापनदिन आहे, आमच्या गुरूंनी, सेन्सेईंनी एकच गुंडाळी कापावी, सगळ्यांची इच्छा आहे, आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहतो, काळजी करू नका. हे असे उजळले म्हणता! स्वतःच्या हातानं सरावाची पायघोळ विजार काढली कपाटातून. आणि मी – मी काय केलं? चहा केला. त्यांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे काय बोलायचं होतं? की मी तुमच्या गुरूचं पातं विळ्याच्या दगडावर घासलंय? ते चहा पीत होते, मी कप भरत होते.

तालमीत तर देवानं अजून एक संधी दिली. ओकुमुरा म्हणून शिष्य आहे त्यांचा, सगळ्यांत जुना, तो पुढे आला, वाकून म्हणाला, सेन्सेई, माझी घेता का, नवीन आहे, हलकी आहे. मी मनात म्हणतेय, घ्या, घ्या ती, घ्या! हे म्हणाले, ओकुमुरा, बायको आणि तलवार आपली ती आपली, दुसऱ्याची हलकी वाटतेच. सगळे हसले. मीही हसले. आणि मला वाटलं – खरं सांगते, मला वाटलं, इतका हात आहे ह्यांचा, बोथट असली तरी कापतील. इतकी वर्षं बघत आले ना मी. वाटलं, कापतीलच.

वार बरोबर होता. पाय, कंबर, कोन – सगळं बरोबर होतं, मला कळतं तेवढं. आणि गुंडाळी नुसती वाकली. मार खाल्लेल्या माणसासारखी कमरेत वाकली आणि खुंटीसकट आडवी झाली. आवाजसुद्धा कसला तरी झाला, ओला, धपकन. आणि मग त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. हसले असते तर परवडलं असतं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत, ओकुमुराच्या डोळ्यांत पाणी, आणि हे मध्ये उभे. पात्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एकदा बघितलं असतं उजेडाकडे धरून, तर कळलं असतं. ते हातांकडे बघत होते. तलवार खाली ठेवून दोन्ही तळवे असे उघडले आणि बघत राहिले. घरी येताना गाडीत म्हणाले, साए, हात गेले माझे. डोकं जातंय ते ठाऊक होतं, पण हात राहतील असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात गेले नाहीत. नंतरही नाही. तलवारीच्या जागेकडे पाठ करून बसतात. शर्टाची बटणंसुद्धा मला लावायला सांगतात, म्हणतात, हात गेलेत ना. बोटं धड आहेत हो त्यांची, टाके कधीच भरले. मी वाचवली ती बोटं. काय करायचीत ती आता?

सांगितलं! सांगितलं नाही असं वाटतं का तुम्हाला? समोर बसून सांगितलं, अहो, हात गेले नाहीत, मी धार घालवली, मी, दगडावर घासून. तर हसले माझ्याकडे बघून. माझ्या डोक्यावरून हात फिरवला – कधी फिरवला नव्हता जन्मात – आणि म्हणाले, माझं मन राखायला स्वतःवर घेतेस होय? चांगली बायको मिळाली मला. – ऐकताय ना? चांगली बायको. मग मी पातं आणून खिडकीशी धरलं त्यांच्या डोळ्यांसमोर. बघितलं त्यांनी. रेघ बघितली. आणि चेहरा असा उतरला – म्हणाले, मी इतका निष्काळजी झालो? मात्सुउराला काय तोंड दाखवू? म्हणजे तेही त्यांनी स्वतःवरच घेतलं. आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं विसरले. माझं सांगणं विसरले, रेघ विसरले. हात गेले ते तेवढं विसरत नाहीत. किती वेळा सांगू मग? सांगतेच आहे. मी सांगायचं, त्यांनी मला थोपटायचं, आणि उठल्यावर परत, साए, बटणं लाव. आता मी थांबवलंय सांगायचं. मलाच ते थोपटणं सोसत नाही.

म्हणून विकतेय. साचिएला वाटतं, त्यांना वाईट वाटतं म्हणून. तसं नाहीये. उद्या ओकुमुरा यायचा, सहज म्हणून उपसायचा, उजेडाकडे धरायचा. त्याला तर एका नजरेत कळेल. तुम्ही नवखे, परगावचे, म्हटलं – म्हणजे तुम्हाला फसवणारच होते मी, स्पष्टच सांगते. मुठीजवळ दाखवून, चहा पाजून. उठा तुम्ही. वडी राहू द्या. साचिएला मी सांगते, व्यवहार झाला नाही म्हणून.

– काय? तरीही घेणार? अहो, पण हे असं? – पॉलिशवाल्याकडे? हो, तो लावेल धार परत. होते, का होत नाही. पण एक समजून घ्या, धार लावायची म्हणजे पातं खायचं. वीतभर रेघ काढायला त्याला सगळं पातं टोकापर्यंत उतरवावं लागेल, मात्सुउरासाननी ठेवलेलं ते फुगीरपण थोडं जाईल. परत येणार नाही ते. आणि तो विचारेल, कुणी केलं हे? त्यांना दगडसुद्धा ओळखू येतो म्हणतात. तुम्ही सांगा, कुणा अडाण्यानं केलं. नाव नका घेऊ. ह्यांचं तर मुळीच नका घेऊ, मूठ ओळखतात इथले लोक, त्यांना वाटायला नको की ह्यांच्याकडून – माझं घ्या. काही बोललाच तर माझं घ्या. साए होरिबे. घ्याल ना? – म्यान करा, सावकाश, धार वर, घाई नको, डावा हात मागे घ्या – हां. ही पिशवी घ्या. गाठ मी मारते.

– गाडी वाजली का? आज इतक्या लवकर? – थांबा, मागच्या दारानं – नको, आलेच ते. बसा. काही बोलू नका. – आलात? या, या. उन्हात बसवलं होतं का आज? गाल लाल झालेत. – हे ना, हे उगाईसान. नागोयाचे. रस्ता विचारायला आले होते, म्हटलं चहा तरी घ्या. – हो, तलवार आहे पिशवीत. – कुणाची? – त्यांची. त्यांचीच आहे, त्यांचीच. नवीन शिकतायत, इथे कुणाला तरी दाखवायला आणलीय. – नाही हो, तुम्ही कशाला त्रास घेता, त्यांना गाडी गाठायचीय. – बरं. बघा. गाठ नका सोडू, वरूनच. – उगाईसान, ते विचारतायत, कुणी बनवली. – त्यांना नाही माहीत, ते नवखे आहेत. – ऐका, ते म्हणतायत, वजनावरून चांगली लागतेय. म्हणतायत, हिला जपा. – हो म्हणा. वाकून हो म्हणा ना त्यांना. – झालं. निघा आता, उगाईसान. स्टेशन डावीकडे, सरळ गेलात की. नाही, माझ्याकडे बघू नका असं. जा. आणि दार तेवढं बाहेरून ओढून घ्या, त्यांना वारा लागतो.